रिपोर्टातून सुटलेली मशीन

लाईट गेली तेव्हा मी भांडी घासून हात पुसून राहिली होती. भिलाईत आमच्या स्मृति नगरात दुपारची लाईट जाणं काही नवलाचं नाही, पण बाबा कूलरसमोर झोपले होते, अन् कूलर थांबला का बाबाले लगेच जाग येते. स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये उभी हयात काढून कान अर्धे गेले त्यांचे, दारावर कोणी धडाधडा वाजवलं तरी ऐकू येत नाही, पण कूलर बंद झाल्याचं कसं कळते कोण जाणे. मी बाहेर आली पाहायला. गल्लीच्या तोंडाशी खांबाखाली लोखंडी डबा आहे, त्याचं दार सताड उघडं होतं, अन् त्यावर तारेनं अडकवलेली लाल पाटी, ‘काम चालू है, स्विच न लगाएँ’. वर खांबावर लाईनमन. मी पाटीपर्यंत गेली अन् दोन पावलं मागं सरकली, आपोआप, जशी विहारात शिरताना चप्पल आपोआप पायातून निघते. मागून बाबा आले, लुंगी सावरत. ‘‘काय झालं व?’’ मी पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी पाटी वाचली, वर माणसाकडे पाह्यलं, अन् जसं काही घरातल्याच कोणाबद्दल बोलून राहिले तसं म्हणाले, ‘‘हाये तो वरतं. मंग आपण तिकडं पाहाचं बी नाई. चाल, मटक्यातलं पाणी दे.’’ मी पाणी द्यायला वळली अन् घराच्या पायरीवर माझा पाय थांबला. पाहाचं बी नाई. मी नव्हतंच पाह्यलं. चौथ्या मशीनीकडे मी पाह्यलंच नव्हतं.

आता हे मशीनीचं काय ते सांगितल्याशिवाय कोणाले कळायचं नाही, अन् मले तं वर्षभर बाबालेही नीट सांगता आलं नाही, ते शेजाऱ्यांले सांगतात का पोरगी घरी बसून दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळते. तसं खोटं नाही ते. उतईच्या रस्त्यावर एक मोठा खासगी दवाखाना आहे, त्याच्या तळघरात चार दांडग्या मशीनी आहेत. त्यांले होस्ट म्हणतात. एकेका होस्टच्या पोटात पाच-सात मशीनी राहतात ज्या हातानं शिवता येत नाहीत, एक एक्स-रेचे फोटो ठेवणारी, एक पावत्यांची, एक लॅबची; मोठ्या क्वार्टरात पार्टिशन घालून बिऱ्हाडं राहावीत तशी. अन् प्रत्येक होस्टमध्ये कार्डं असतात, कोणतं नेटवर्ककडे जाणारं, कोणतं डिस्ककडे जाणारं. आज तीन वाजता त्या होस्टांवर नवीन सॉफ्टवेअर चढणार होतं, जुनं पुसून. पण डिस्ककडे जाणारं एक जुनं कार्ड आहे, त्याले हे नवीन सॉफ्टवेअर ओळखतच नाही. ते कार्ड असलेल्या होस्टवर नवीन चढवलं तं होस्ट उठते, दिवे लागतात, अन् तिले स्वतःच्या डिस्काच दिसत नाहीत. म्हणून आधी पाहायचं, कोणत्या होस्टमध्ये कोणतं कार्ड आहे. ते पाहायचं काम माझं. मी घरी बसून एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे हुकमांची एक यादी, ती एकेका होस्टकडे जाते, तुझ्यात काय काय लागलं आहे सांग म्हणते, अन् उत्तरं आणून रिपोर्टात भरते. एका कार्डाची एक ओळ, अशा ढीगभर ओळी, अन् जुनं कार्ड सापडलं तं ओळ लाल. माझा रिपोर्ट सगळा हिरवा होता. इतका सुंदर हिरवा का मीच तो तीनदा उघडून पाह्यला.

अन् त्या स्क्रिप्टमध्ये वरून तिसरी का चौथी ओळ माझ्या हातची होती, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये असेल तं तिले सोडून पुढं जा. मेंटेनन्स मोड म्हणजे त्या मशीनीवर कोणाचं तरी काम चालू आहे. विचार करून लिहिली नव्हती ती ओळ. पाटी पाहून मागं सरकते तशी लिहिली होती. चौथी होस्ट गुरुवारपासून मेंटेनन्समध्ये होती, कारण दवाखान्याचे कॉम्प्युटर पाहणारे रोशन यांनी तिच्यातली बिऱ्हाडं दुसऱ्या तिघींवर हलवून तिले रिकामं केलं होतं. कावून रिकामं केलं? तं सगळ्यात पहिले तिच्यावरच नवीन चढवायचं म्हणून. म्हणजे जिच्यापासून सुरुवात होणार, नेमकी तीच माझ्या रिपोर्टात नव्हती. शहाण्याले शब्दाचा मार म्हणतात, मले पाटीचा मार बसला.

तीन वाजायले अर्धा तास उरला होता. मी अनुजाले फोन लावला. ती माझी वरची, तिनंच मले या कामावर घेतलं. फोन लागेना. ती आज स्वतः दवाखान्यात जाणार होती, अन् तळघरात नेटवर्क पोचत नाही हे ती मले दर वेळी सांगायची. मेसेज टाकला, ‘थांब, चौथी होस्ट रिपोर्टात नाही’, एकच बरोबरची खूण उमटली अन् तिथंच राहिली. दवाखान्याच्या नंबरावर एक बाई हिंदीत सांगत होती का अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, अन् मग बासरी वाजत होती. अमरदीप, माझे यजमान, मालगाडी घेऊन डोंगरगडकडे गेलेले. ते असते तरी काय करते, म्हणाले असते, धीर धर. मी बाबाच्या हातात पाण्याचा गिलास दिला, ओढणी घेतली, अन् त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, ‘‘दवाखान्यात जाऊन राहिली.’’ ते घाबरून उठले. ‘‘कोणाले काय झालं?’’ ‘‘कोणाले नाही, मशीनीले.’’ त्यांनी माझ्याकडे असं पाह्यलं का पोरीचं डोकं फिरलं. स्कूटी काढताना मले तेवढ्यातही हसू आलं, अन् लगेच विरलं.

कारण या महिन्यात माझं वर्ष भरत होतं. वर्षभर पाहू, मग ठेवायचं का नाही ते ठरवू, असं कंपनीनं सांगितलं होतं, कंपनी हैदराबादची, अन् ठरवणारी अनुजा. सोमवारी ओपीडी उघडली अन् चौथी होस्ट मेलेली असली तं उरलेल्या तिघींले तो भार पेलणार नाही, एक्स-रे थांबतील, माणसं रांगेत उभी राहतील, अन् सगळे विचारतील रिपोर्ट कोणाचा होता. माझं जाईल ते जाईल. घरी बसून करता येण्यासारखं असं काम भिलाईत दुसरं नाही, रायपूर नाही तं पुणं पाहावं लागेल, अन् बाबा भिलाई सोडणार नाहीत, मी बाबाले सोडणार नाही, म्हणजे पुन्हा घर, पुन्हा भांडी, पुन्हा ती दुपार जिच्यात कूलरशिवाय काहीच बोलत नाही. हे सगळं मले स्कूटीवर नेहरू नगर पार करेपर्यंत कळून चुकलं होतं. पण खरी कळ दुसरीकडेच उठत होती. अनुजाचं नाव खराब होईल. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता.

शब्द टाकला होता हे मी मनात म्हणते, तोंडानं कधी म्हटलं नाही. तिले वर्षभरात एकदाही थँक यू म्हटलं नाही मी. हे विचित्र वाटेल कोणाले, पण आमच्या घरचं वळणच तसं. आई, शेवंता तिचं नाव, पाटीवर लिहून लावावं तसं एक वाक्य बोलायची, हक्काचं असंन तं मांगून घ्यायचं, उपकाराचं असंन तं हात मागं घ्यायचा. बाबासाहेबांनी आपल्याले हात पसरायले नाही शिकवलं, असं म्हणून ती पोळी लाटत राहायची. ऑफिसरांच्या बायका दिवाळीले कामवाल्यांले जुन्या साड्या द्यायच्या, शेजारणी घेऊन यायच्या, दाखवायच्या. आई पाहायची, चांगली आहे म्हणायची, अन् स्वतःच्या फाटक्या पदराले टाका घालत बसायची. अनुजा ऑफिसराची पोरगी, श्यामराव साहेबांची, बत्तीस बंगल्याकडची, अन् आम्ही सेक्टर सातच्या क्वार्टरमधले, पण शाळा प्लांटचीच, वर्ग एकच, अन् कॉम्प्युटरच्या तासाले एका मशीनीवर दोघी बसवायचे तं मी अन् ती. एकदा काहीतरी बनवायचं म्हणून मी तिच्या घरी गेली होती. तिच्या आईनं, विजया काकूंनी, पोहे दिले, लिंबू पिळून, वरून शेव. घरी आल्यावर आईनं पहिला सवाल केला, ‘‘बशी कोणती दिली तुले?’’ मी म्हटलं, जी सगळ्यांले दिली तीच. ‘‘पाण्याचा गिलास?’’ तोच. आई म्हणाली, ‘‘बरं.’’ मले तेव्हा तिचा राग आला होता, इतके छान पोहे अन् ही बशीचं काय विचारते. आज सेक्टरांच्या झाडांखालच्या सुनसान रस्त्यानं जाताना वाटलं, त्या ‘बरं’मध्ये कितीतरी वर्षांचा धरून ठेवलेला श्वास होता. तो सोडून द्यायले तिले एक बशी लागली.

आई आजारी पडली तेव्हा मी रायपूरची कॉम्प्युटरची नोकरी सोडली. किती वर्षं गेली त्यात, आज मोजायची नाहीत मले, तिच्याजवळ होती याचं सुखच आहे. पण ती गेली, अन् भांडी-कपडे-भाजी यांच्यामधल्या जागा एकदम मोठ्या झाल्या. त्या दिवसांत अनुजा आली. विहारात आईच्या पुण्यानुमोदनाले आली होती, सगळ्यांसोबत खाली सतरंजीवर बसली, अन् जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, ‘‘सुजाता, माझ्याकडं काम आहे. करशील?’’ मी म्हटलं मी सगळं विसरली. ती म्हणाली, ‘‘मी तुझ्यावर मेहरबानी नाही करून राहिली, मले माणूस पाहिजे.’’ आता ती खरं बोलली का माझ्या आईले ओळखून होती म्हणून तसं बोलली, हे मले आजपर्यंत समजलं नाही. पण मग ती रोज दुपारी फोनवर बसायची. सगळं बदललं होतं, जुन्या आज्ञा चालत नव्हत्या, मी एकच गोष्ट चार चार वेळा विचारायची. एवढंही येत नाही का, असं ती एकदा, एकदाही म्हणाली नाही. तिकडून तिच्या लेकराचं रडणं ऐकू यायचं, कुकरची शिट्टी व्हायची, अन् ती म्हणायची, ‘‘हां, पुन्हा चालव, काय लिहून येऊन राहिलं ते वाच.’’ मी वाचायची. माझ्या आवाजाले धाप लागायची अन् तिच्या आवाजाले कधी लागली नाही. पहिला पगार आला तेव्हा बाबाच्या कानाची मशीन आणली, ती ते घालत नाहीत, म्हणतात त्यात जगाचा कचरा ऐकू येते, पण आणली. रात्री उशीवर डोकं टेकलं का मले वाटायचं का या बाईनं मले जिवंत केलं. अन् सकाळी फोनवर मी म्हणायची, ‘‘हं, बोल.’’

उपकार असते तं मी हात मागं घेतला असता. हक्क असता तं ताठ मानेनं घेतला असता. हे तिसरंच काहीतरी होतं अन् त्याचं नाव आईनं मले सांगितलं नव्हतं. मग मी कामातून फेडत होती. मागितला एक रिपोर्ट तं दोन द्यायची, रंग भरायची, ओळी सरळ करायची, काही उणं दिसू द्यायची नाही. हाच रिपोर्ट मी तसाच केला होता. अन् त्यातच खड्डा.

त्या लाल पाटीचंही सांगतेच, नाही तं लोक म्हणतील बाई बावळट, मशीनच सोडून दिली. प्लांटच्या घरात वाढलं का काही गोष्टी दुधासोबत पोटात जातात. मशीनीत माणूस उतरला का तो तिच्या स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावतो, अन् तो टॅग तोच काढतो, दुसरा कोणीही नाही. बाबा एकदा रोलरांखालच्या खड्ड्यात उतरले होते, वर शिफ्ट बदलली, नवीन माणूस आला, शेषराव काका, नंदिनी नगरचे. त्यांले ठाऊक नव्हतं खाली कोण आहे, किती वेळपासून आहे. त्यांनी टॅग पाह्यला, बळीराम, हे बाबाचं नाव वाचलं, अन् स्टूल ओढून शेजारी बसले. बस. एवढंच. त्यांनी काहीच केलं नाही, अन् त्या काहीच न केल्यानं माझे बाबा वर आले, हात पुसत. घरी ही गोष्ट किती वेळा सांगितली गेली याले गणती नाही. बाबा सांगायचे तेव्हा शेषराव काकाचं स्टूल ओढणं हातानं करून दाखवायचे. आईनं कोणाचं उपकाराचं घेतलं नाही, पण बुद्ध पौर्णिमेले खिरीचा पहिला डबा नंदिनी नगरले काकाच्या घरी जायचा, अन् मी विचारलं का हे काय मग, तं ती म्हणायची, हे उपकार नव्हेत, हे नातं हाये. तं अशी मी. दुसऱ्याचा टॅग दिसला का नजर खाली. रोशन यांनी होस्ट मेंटेनन्समध्ये टाकली म्हणजे त्यांचा टॅग लागला, मी तिले विचारणारी कोण? पुण्या-मुंबईच्या पोरीनं ही ओळ लिहिलीच नसती. विचारणं म्हणजे चालू करणं नव्हे, एवढं साधं होतं. स्विच दाबायचा नाही हे खरं, पण खड्ड्याजवळ जाऊन ‘अंदर कोण हाये’ म्हणून विचारायले कोणाची मनाई होती?

दवाखान्याच्या दारात गार्डनं अडवलं. मी ज्या दवाखान्याचं पोट पाठ करून होती, कोणत्या मशीनीत कोणतं बिऱ्हाड आहे ते झोपेत सांगितलं असतं, तिथं मले कोणी ओळखत नव्हतं. ‘‘पास बिना भीतर नइ जा सकव मैडम.’’ मी म्हटलं, ‘‘भैया, नीचे सर्वर रूम में काम है, मैं वहीं काम करती हूँ.’’ त्यानं माझ्या घरातल्या चपलेकडे पाह्यलं. त्याचंही बरोबरच होतं. मी पर्समधलं आधार कार्ड काढून त्याच्या टेबलावर ठेवलं, ‘‘ये रखो, और आप साथ चलो, मैं भागूँगी नहीं.’’ तो बिचारा उठला. उतरता जिना, चादरींचे गठ्ठे ठेवलेली खोली, फिनाईलचा वास, एका बाकावर डोळा लागलेली कोणाची तरी म्हातारी आई, पायाशी डबा. त्या डब्याकडे पाहून मले एकदम वाटलं का सोमवारी ही इथंच बसून राहील, फोटो नाही निघाला म्हणून, अन् तिले कोणी सांगणारही नाही का भिलाईच्या एका बाईनं एक मशीन मोजायची सोडली.

दार उघडलं अन् आधी थंडी आली, मग आवाज. मी या मशीनी शांत असतील असं धरून चालली होती. माझ्या घरी त्या शांतच असायच्या, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. इथं पंखे असे घरघरून राहिले होते का छातीत जाणवत होतं. चार मशीनी, एकीवर एक, निळे दिवे, मी वर्षभर ज्यांच्याशी बोलली त्या. ओळखीच्या वाटल्या नाहीत. अनुजा पाठमोरी, लॅपटॉपवर माझा हिरवा रिपोर्ट, अन् एक चष्मेवाले गृहस्थ कीबोर्डवर वाकलेले. ते रोशन असणार. मी जोरात म्हटलं, ‘‘थांबा.’’

अनुजा वळली. ‘‘तू इथं कशी?’’

‘‘चौथी होस्ट रिपोर्टात नाही. मेंटेनन्समध्ये होती म्हणून माझ्या स्क्रिप्टनं सोडून दिली. तिच्यात कोणतं कार्ड आहे ते आपल्याले माहीतच नाही.’’

रोशन यांनी हात वर उचलले, कीबोर्डपासून लांब. ‘‘ताई, तुमचा आवाज तं फोनवरचा. सुजाता ताई ना? फक्त एंटर दाबायचा बाकी होता.’’ पडद्यावर विचारलं होतं, जुनं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का. त्यांनी सावकाश ‘नाही’वर नेऊन रद्द केलं, जुनंच सॉफ्टवेअर पुन्हा उठवलं. त्याले वेळ लागला. तो वेळ मले कोणाकडे पाहू कळेना, मी निळ्या दिव्यांकडे पाहत राहिली. मशीन उठली, रोशन यांनी कार्डं विचारली, ओळी खाली उतरल्या, अन् त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. जुनं कार्ड. तेच. ‘‘पाच मिनिटं उशीर झाला असता तं गेली होती, मॅडम,’’ ते अनुजाले म्हणाले, पण पाह्यलं माझ्याकडे.

अनुजानं मले जरा बाजूले घेतलं. बाजूले कुठं, खोली ती केवढी. ‘‘मेंटेनन्सवाली कावून सोडली तू?’’ तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मले जास्त भ्यायले झालं. मी सांगितलं. टॅग, अन् बाबा, अन् नजर खाली. सांगताना मले वाटलं मी पाचवीतली पोरगी आहे अन् गृहपाठ राहिल्याचं कारण सांगून राहिली. ती ऐकत होती अन् तिच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी येऊन राहिलं होतं. मग ती म्हणाली, ‘‘मी वाचली होती ती ओळ.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काय. स्क्रिप्ट मी तपासली ना चालवायच्या आधी. ती ओळ वाचली अन् मनात म्हटलं, शाबास, मेंटेनन्सवालीले हात नाही लावला पोरीनं. बरोबरच वाटली मले. आमच्याकडं जेवताना बाबांचं तेच चालायचं, टॅग असंन तिथं हात नाही लावायचा. मीठ वाढ म्हणायच्या आधी सेफ्टी.’’ अन् ती हसली, तोंडावर हात ठेवून, शाळेत हसायची तशी. ‘‘दोघी भिलाईच्या. तिसरी कोणी असती तं पकडलं असतं.’’ मलेही हसू आलं, रोशन यांनी वळून पाह्यलं का या बायांले झालं काय. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अन् मी ते थंडीवर ढकललं.

मग ती जिन्यापर्यंत गेली, नेटवर्क येते तिथवर, अन् हैदराबादले फोन लावला. मी मागं उभी. आजचं काम थांबवलं, चौथीचं कार्ड बदलेपर्यंत काही चढवायचं नाही, सोमवारी जुन्यावरच चालेल, ओपीडीले काही होणार नाही, असं ती हिंदीत सांगत होती. तिकडून काहीतरी विचारलं. ती म्हणाली, ‘‘सुजाता ने पकड़ा. घर से दौड़कर आई है.’’ मी तिचा हात धरला अन् मान हलवली. अर्धं नको, पूर्ण सांग. तिनं माझ्याकडे एक क्षण पाह्यलं अन् फोनमध्ये म्हणाली, ‘‘सर, रिपोर्ट में गलती भी हमारी ही थी. उसने लिखी, मैंने पास की. पकड़ी उसने.’’ पलीकडून एक लांब वाक्य आलं, मले ऐकू आलं नाही, मी फक्त तिचा चेहरा पाहत होती, अन् त्या जिन्यावर मले एवढंच वाटलं का जे होईल ते हिच्या तोंडून ऐकायले मिळते हे चांगलं आहे. ती म्हणाली, ‘‘रखना है, सर. इसमें सोचने का क्या है. मेल अभी डालती हूँ.’’

फोन ठेवून ती परत खोलीत आली, चौथ्या मशीनीचं कार्ड कोणत्या नंबरचं ते रोशन यांच्याकडून लिहून घ्यायले, अन् मी तिच्या मागोमाग. ती खाली वाकून लिहीत होती. माझं काम टिकलं होतं, बाबाले सोडून जावं लागणार नव्हतं, दुपारी फोनवरचा तो धाप न लागणारा आवाज राहिला होता. छातीत एवढं काही भरून आलं होतं का ते आता कामातून फिटणार नव्हतं, कितीही रंग भरले तरी. मी म्हटलं, ‘‘अनुजा, तुझे आभार.’’ हळूच म्हटलं, अन् पंख्यांच्या घरघरीत ते माझं मलेच ऐकू आलं नाही. तिनं मान वर केली. ‘‘काय?’’ काही नाही म्हणता आलं असतं. म्हणून झालं असं धरून घरी जाता आलं असतं. तेवढ्या वेळात मले कळलं का मले कशाची भीती होती, हे एकदा तोंडातून निघालं का मी साहेबाच्या पोरीपुढं लहान होईन, सतरंजीवरून उठून दाराबाहेर जाऊन बसेन, याची. मी पोटातून आवाज काढला, असा का चादरींच्या खोलीपर्यंत गेला असेल.

‘‘मी म्हटलं, तुझे आभार. या वर्षाचे. सगळ्याचे.’’

रोशन यांचा हात थांबला. दारातला गार्ड, माझं आधार कार्ड हातात घेऊन उभा, उगाच खाली पाहू लागला. अनुजाचे डोळे भरले, तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं, अन् मग तीही ओरडूनच म्हणाली, कारण त्या खोलीत दुसरा इलाजच नव्हता, ‘‘ऐकू आलं.’’

अन् मी लहान झाली नाही. होती तेवढीच उभी होती.